पेनड्राइव्हवर मावेल एवढे व्यासपीठ द्या

प्रति,
ऑनलाइन अभ्यासक्रमांची व्यासपीठे बांधणारे अभियंते, त्यांच्या कार्यशाळा घेणारे तज्ज्ञ आणि या कार्यशाळांना निधी देणाऱ्या संस्थांचे प्रमुख यांस

विषय : ग्रामीण महाविद्यालयांतील शिक्षकांना स्वतःच्या संगणकावर, इंटरनेटशिवाय चालणारी व्हर्च्युअल मशीन देण्याबाबत

सन्माननीय महोदय आणि महोदया,



मी फुलंब्री तालुक्यातल्या एका महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकवतो. छत्रपती संभाजीनगरहून सिल्लोड-जळगावच्या रस्त्याला लागलात की सुमारे ३० किलोमीटरवर आमचे गाव येते. अजिंठ्याची लेणी पाहायला निघालेल्या गाड्या याच रस्त्याने पुढे जातात. हे पत्र कोणा एका व्यक्तीविरुद्ध किंवा संस्थेविरुद्ध नाही. तुमच्यापैकी अनेकांनी केलेले काम मी रोज वापरतो आणि त्याबद्दल मनात आदर बाळगतो. पण एक गोष्ट वर्षानुवर्षे साचत आली आहे. प्रत्येक कार्यशाळेनंतरच्या अभिप्राय-अर्जात ती लिहूनही काही हलले नाही, म्हणून आता उघडपणे लिहितो.

आम्हांला ऑनलाइन अभ्यासक्रम पाहायला भरपूर मिळतात. ते बनवायला शिकण्याची जागा मिळत नाही.

ही जागा एका साध्या डेस्कटॉपच्या आत तयार करता येते, हे तुम्हांला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. पण हे पत्र इतर विषयांचे शिक्षकही वाचतील, म्हणून त्यांच्यासाठी थोडे सांगतो. चालू विंडोजच्या पोटात दुसरा, स्वतंत्र संगणक चालवता येतो. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. ते चालवणारे व्हर्च्युअलबॉक्स हे सॉफ्टवेअर २००७ पासून खुले आणि विनामूल्य आहे. त्या आतल्या संगणकावर लिनक्स टाकायचे, लिनक्सवर मूडल किंवा ओपन एडएक्स यांसारखे अभ्यासक्रमाचे व्यासपीठ बसवायचे, की अभ्यासक्रमाचे संपूर्ण संकेतस्थळ आपल्याच टेबलावर उभे राहते. तिथे शिक्षक धडे मांडू शकतो, प्रश्नपेढी भरू शकतो, काल्पनिक विद्यार्थी नोंदवून त्यांच्या नावाने स्वतः परीक्षा देऊ शकतो. सगळे बिघडले, तर आधी घेतलेल्या स्नॅपशॉटवर परत जाऊन काही मिनिटांत पहिल्यासारखे करू शकतो. खऱ्या विद्यार्थ्याचे नाव, मोबाइल नंबर, गुण यांतले काहीही बाहेर जात नाही. आणि इंटरनेट लागत नाही. निदान लागायला नको.

महाविद्यालयाच्या चालू सर्व्हरवर शिकावे, असे काही जण सुचवतात. चालू सर्व्हरवर विद्यार्थी आधीच नोंदलेले असतात. प्रश्नाची एक चौकट चुकून प्रकाशित झाली, की ती त्यांच्या मोबाइलवर पोहोचते. एखादा विभाग पुसला, तर त्यातले जमा झालेले गृहपाठही जातात. म्हणून शिक्षक घाबरून कशालाच हात लावत नाही. पीडीएफ चढवतो, यूट्यूबचा दुवा टाकतो आणि थांबतो. राज्यभरातल्या कितीतरी महाविद्यालयांचे ‘ई-लर्निंग’ नेमके या ठिकाणी थांबलेले आहे आणि त्यामागे शिक्षकांचा आळस नाही, भीती आहे.

अशा खुल्या व्यासपीठांची परंपरा नवी नाही. मार्टिन डुगियामास यांनी मूडलची पहिली आवृत्ती २००२ मध्ये जगासमोर ठेवली. हार्वर्ड आणि एमआयटी यांनी २०१२ मध्ये एडएक्स सुरू केले आणि २०१३ मध्ये त्यामागची प्रणाली ओपन एडएक्स या नावाने सर्वांसाठी खुली केली. आयआयटी मुंबई त्याच वर्षी एडएक्सच्या गटात सामील झाली आणि पुढे त्या खुल्या प्रणालीवर तिने आयआयटीबॉम्बेएक्स उभे केले. तिच्याच स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात मूडल स्थानिक सर्व्हरवर कसे बसवायचे याचा धडा आहे. हे धडे छोटे आहेत. शिकणाऱ्याने एका खिडकीत धडा पाहत शेजारच्या खिडकीत तसेच करत जावे आणि धडे आधी उतरवून ठेवून इंटरनेटशिवायही पाहता यावेत, अशी त्यांची आखणी आहे. ती करणाऱ्यांनी आमच्यासारख्यांचा विचार केला होता, हे प्रत्येक धड्यात जाणवते. मी जे मागतो आहे ते याच वाटेवरचे पुढचे पाऊल आहे.

आम्हांला अभ्यासक्रम बनवायचेच कशाला, असा प्रश्न एका कार्यशाळेत मला विचारला गेला. केंद्र सरकारच्या स्वयम या व्यासपीठावर देशातल्या नामवंत प्राध्यापकांचे अभ्यासक्रम आहेत, ते वापरा, असे सांगितले गेले. आम्ही ते वापरतो. २०२१ च्या यूजीसी नियमांनी एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंतचे विषय स्वयमवरून पूर्ण करण्याची मुभा दिली, तेव्हापासून विद्यार्थीही विचारतात. पण फुलंब्री, वडोद बाजार, पीरबावडा, आळंद, गणोरी या पट्ट्यातल्या मुलांसमोरचे काही विषय कोणत्याही राष्ट्रीय व्यासपीठावर येणार नाहीत. आमच्याकडे कापूस आणि मक्याच्या जोडीने आले पिकते. आल्याला कंदकूज लागली, तर वर्षभराची मेहनत आणि बेण्याचा खर्च मातीत जातो. गादीवाफ्याची उंची, पाण्याचा निचरा, बेण्यावरची प्रक्रिया, पिथियम बुरशी कोणत्या ओलीत वाढते, पिवळे पडलेले पान नेमके कशाने पिवळे पडले, हे सगळे मराठीत, इथल्या शेतातल्या चित्रफितींसह, प्रश्न विचारत विचारत शिकवता येईल असा अभ्यासक्रम आमच्या वनस्पतिशास्त्राच्या मॅडमना करायचा आहे. साहित्य त्यांच्याकडे तयार आहे. विद्यार्थी तर आले पिकवणाऱ्या घरांतलेच आहेत. अडले आहे ते व्यासपीठावर सराव करण्याच्या जागेपाशी.

आणि हे काम आमच्याकडून अपेक्षितही आहे. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत, चित्रफीत, वाचनसाहित्य, चर्चा आणि स्वमूल्यमापन ही चारही अंगे असलेला चार श्रेयांकांचा संपूर्ण अभ्यासक्रम तयार करणाऱ्या शिक्षकाला २० गुण आहेत. गुण देणाऱ्या व्यवस्थेने सराव कुठे करायचा, याची सोयही केली पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

आता तक्रारी.

पहिली तक्रार कार्यशाळांच्या पद्धतीबद्दल. पडद्यावर एक दुवा दाखवला जातो आणि ‘सगळ्यांनी डाउनलोड करून घ्या’ असे सांगितले जाते. व्हर्च्युअलबॉक्स, लिनक्सची प्रत आणि त्यानंतर आत उतरणारे पुडके धरले, तर प्रत्येक यंत्रामागे कित्येक जीबी लागतात. लॅबमधली सगळी यंत्रे एकाच जोडणीवर असतात. दुपारपर्यंत निम्म्या शिक्षकांची पट्टी अर्ध्यावर असते, काही जण मोबाइलचा हॉटस्पॉट लावतात आणि दिवसाचा डेटा संपवून बसतात. तज्ज्ञांना पुढचा भाग घ्यायचा असतो, म्हणून ते स्वतःच्या लॅपटॉपवर सगळे करून दाखवतात. आम्ही पाहतो. प्रमाणपत्र मिळते. घरी जाताना हातात काहीच नसते. हीच सामग्री आधी पेनड्राइव्हवर भरून आणली असती, तर तो दिवस वाया गेला नसता. यात एक बारीक अडचण आहे तीही सांगून ठेवतो: बाजारातले बरेच पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीचे असतात आणि त्यांवर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही. तयार व्हर्च्युअल मशीनची फाइल बहुधा त्याहून मोठीच असते. पेनड्राइव्ह आधी एक्सफॅट किंवा एनटीएफएस करून घ्यावा लागतो. हे कोणत्याच मार्गदर्शिकेत मला ठळकपणे दिसले नाही, आणि प्रत नेण्यासाठी पेनड्राइव्ह घेऊन आलेला शिक्षक नेमका तिथेच अडतो.

दुसरी तक्रार आमच्या यंत्रांबद्दल तुम्ही धरून चालता त्या गृहीतकांची. ओपन एडएक्स बसवण्यासाठी आज ज्याची शिफारस होते त्या टुटर या साधनाला किमान ४ जीबी आणि शिफारशीनुसार ८ जीबी रॅम लागते. ग्रामीण महाविद्यालयाच्या लॅबमध्ये अनेक यंत्रांत एकूण रॅमच ४ जीबी असते. त्यातली निम्मी विंडोजच खाते. काही यंत्रांवर अजून ३२ बिटांचे विंडोज आहे आणि व्हर्च्युअलबॉक्सने डिसेंबर २०१८ मधल्या ६.० आवृत्तीपासून अशा यंत्रांचा आधार काढून घेतला. जी यंत्रे पुरेशी आहेत त्यांतही प्रोसेसरची आभासीकरणाची सोय (व्हीटी-एक्स) बायोसमध्ये बंद ठेवलेली असते. ती सुरू करायला एक मिनिट लागते, पण बायोसला पुरवठादाराने पासवर्ड लावलेला असतो आणि तो पासवर्ड महाविद्यालयात कोणाकडेच नसतो. नव्या विंडोजवर आणखी वेगळे: विंडोजचीच आभासीकरणाची सोय चालू असेल, तर व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडकीच्या तळाशी हिरवे कासव दिसू लागते आणि आतले यंत्र खरोखरच कासवाच्या चालीने चालते. त्या कासवाचा अर्थ माहीत नसलेला शिक्षक समजतो, की आपला संगणकच निकामी आहे. बायोस, ३२ बिट आणि कासव या तीन गोष्टींचे एक पानी टिपण कार्यशाळेच्या आठवडाभर आधी पाठवले, तर कितीतरी शिक्षकांची निराशा टळेल.

मार्गदर्शिकांबद्दलही बोलले पाहिजे. ओपन एडएक्सच्या आवृत्त्यांना झाडांची नावे वर्णक्रमाने दिली जातात: अस्पेन, बर्च, सायप्रस, डॉगवुड असे करत गाडी पुढे गेली आणि साधारण सहा महिन्यांनी नवे झाड येते. विकासाच्या यंत्राची पद्धतही बदलत गेली. आधी व्हेग्रंट आणि व्हर्च्युअलबॉक्स होते, मग डॉकर आले, मग टुटर. बदल चांगल्यासाठीच झाले, हे मान्य. पण जुन्या सूचना तशाच फिरत राहतात आणि त्यांवर कालबाह्य असल्याची खूण नसते. व्हेग्रंटच्या काळातली आज्ञा आजच्या प्रणालीला देत शिक्षक बसतो. लाल अक्षरांतली इंग्रजी चूक वाचतो आणि आपल्यालाच जमत नाही असे ठरवतो. मूडलच्या बाबतीत गोष्ट बरीच सोपी आहे. ते हलके आहे, कमी रॅमवर चालते, आणि विंडोजसाठी सगळे एकत्र बांधलेले पुडकेही त्यांनी दिलेले आहे. खरे तर आमच्यासारख्या बहुतेक महाविद्यालयांनी मूडलनेच सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. पण मोठ्या व्यासपीठांवर अभ्यासक्रम चढवायचा असेल, तर ओपन एडएक्सही हाताळून पाहायला मिळाले पाहिजे.

एक उदाहरण जरा तपशिलात देतो, कारण त्यात सगळा प्रश्न उघड दिसतो. टुटरने आपल्याच यंत्रावर उभे केलेले संकेतस्थळ ब्राउझरमध्ये उघडायला एक नाव दिलेले असते. ते नाव आपल्याच यंत्राकडे बोट दाखवते, पण ते कुठे बोट दाखवते हे विचारायला ब्राउझर बाहेरच्या इंटरनेटवर जातो. इंटरनेट असेपर्यंत कळतही नाही. लॅबची जोडणी गेली, की यंत्र चालू, सर्व्हर चालू, अभ्यासक्रम जागेवर, आणि तरीही पान उघडत नाही. उपाय एका ओळीचा आहे: होस्ट्स नावाच्या फाइलीत ते नाव आणि १२७.०.०.१ हा पत्ता लिहायचा. ज्याला ठाऊक आहे त्याला अर्धे मिनिट. ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी सगळे संपले. ज्यांच्या टेबलावर इंटरनेट कधी जात नाही, त्यांना ही अडचण दिसत नाही. त्यांनी ती मुद्दाम ठेवली, असे मी म्हणत नाही. पण एकदा केबल काढून आपली प्रणाली चालवून पाहा, एवढी विनंती मात्र करतो.

लाईटचेही तसेच. आमच्याकडे लाईट केव्हा जाईल सांगता येत नाही, आणि लॅबमधल्या प्रत्येक यंत्राला चालता यूपीएस असतोच असे नाही. व्हर्च्युअल मशीन चालू असताना एकदम वीज गेली, तर आतल्या डेटाबेसला धक्का बसतो, कधी तो पुन्हा उभाच राहत नाही. व्हर्च्युअलबॉक्समध्ये यंत्राची स्थिती जशीच्या तशी जतन करून बंद करण्याची सोय आहे. ढग भरून आले, की मुलेच आता मला आठवण करून देतात. पण ही सवय शिकवावी लागते आणि ती कोणत्याही कार्यशाळेच्या वेळापत्रकात मी पाहिलेली नाही.

आता मराठीकडे येतो. माझ्या दृष्टीने हाच या पत्राचा गाभा आहे. मराठीत अभ्यासक्रम बनवणाऱ्या शिक्षकाला स्थानिक यंत्र का हवे, तर मराठीचे प्रश्न केवळ तिथेच आधी दिसतात. समजा, प्रश्नाचे अपेक्षित उत्तर आहे ‘वाऱ्यामुळे’. यातला ‘ऱ्या’ दोन प्रकारे टाइप होतो. काही कळफलक त्यासाठी स्वतंत्र अक्षर वापरतात. काही कळफलक साध्या ‘र’ला हलन्त आणि मागोमाग एक न दिसणारे जोडचिन्ह लावून तेच रूप घडवतात. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. संगणकासाठी ती वेगवेगळी अक्षरे आहेत. एखाद्या मुलीने बरोबर उत्तर लिहिले आणि यंत्राने चूक ठरवले, तर त्या मुलीने काय समजावे? तिला वाटते आपल्याला येत नाही. शिक्षकाला वाटते तिने काहीतरी चुकवले. दोघेही पडद्याकडे पाहत राहतात आणि चूक दिसत नाही, कारण ती दिसण्यासारखी नाहीच. शेतकऱ्यांना, दुसऱ्या, खऱ्या, साऱ्या, बऱ्याच: मराठीचे पान ‘ऱ्य’शिवाय पूर्ण होत नाही. अंकांचे तसेच. विद्यार्थी देवनागरी १२ लिहितो, शिक्षकाने उत्तर इंग्रजी अंकांत दिलेले असते, आणि मजकूर म्हणून तुलना झाली, की दोन्ही वेगळे. प्रत्येक उत्तराला पर्यायी उत्तरे जोडून यावर मात करता येते. पण त्यासाठी आधी दोन-चार प्रकारच्या मोबाइलवरून, वेगवेगळ्या कळफलकांवरून उत्तरे टाइप करून पाहावी लागतात, पन्नास वेळा चुकवून पाहावी लागतात. हे चालू परीक्षेत करता येत नाही. स्वतःच्या यंत्रावरच करता येते.

प्रमाणपत्रांचेही सांगतो. पीडीएफ घडवणारी काही साधने देवनागरीची जोडाक्षरे नीट जुळवत नाहीत. ‘प्रशस्ती’ फुटते, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे न येता उजवीकडे जाऊन बसते. मराठीतले पहिले प्रमाणपत्र हातात घेणाऱ्या मुलाच्या नावाचे असे तुकडे झालेले पाहून शिक्षक म्हणून फार वाईट वाटते. याखेरीज, आमच्या अनेक सहकाऱ्यांच्या नोट्स श्रीलिपी किंवा तशाच जुन्या फॉन्टमध्ये आहेत. त्या युनिकोडमध्ये न बदलता चिकटवल्या, तर पानावर अर्थहीन इंग्रजी अक्षरे उमटतात. वेळेचा घोळ तर सगळ्यांना माहीत हवा: ओपन एडएक्सच्या स्टुडिओत मुदतीची वेळ जागतिक प्रमाणवेळेत भरली जाते आणि आपण तिच्या साडेपाच तास पुढे आहोत. शिक्षकाने रात्रीचे ११.५९ भरले, तर परीक्षा दुसऱ्या दिवशी पहाटे ५.२९ ला बंद होते. उलट दिशेने चूक झाली, तर मुले अभ्यासाला बसायच्या आतच मुदत संपलेली असते. यांतली एकही गोष्ट अवघड नाही. पण प्रत्येक गोष्ट आधी स्वतःच्या यंत्रावर घडलेली पाहिली, तरच विद्यार्थ्यांवर तिचा प्रसंग येत नाही.

एवढे सांगून झाल्यावर विनंत्या मांडतो. त्या अवाजवी नाहीत, असे मला वाटते.

अभियंत्यांना पहिली विनंती ही, की एक तयार व्हर्च्युअल मशीन द्या, जी व्हर्च्युअलबॉक्समध्ये ‘इम्पोर्ट’ केली, की लगेच चालू होईल. आत मूडल बसवलेले असावे, मराठी भाषेचे पुडके घातलेले असावे, देवनागरीचे युनिकोड फॉन्ट असावेत, वेळ भारतीय असावी. ४ जीबी रॅमच्या यंत्रावर ती तपासून मगच प्रसिद्ध करा. ओपन एडएक्सची वेगळी, मोठी प्रत ८ जीबीच्या यंत्रांसाठी द्या आणि तिच्या होस्ट्स फाइलीची सोय करणारी एक छोटी फाइल सोबत ठेवा. आतल्या लिनक्समध्ये मराठी टाइप करण्याची खटपट शिक्षकावर पडू नये, म्हणून संकेतस्थळ बाहेरच्या विंडोजच्या ब्राउझरमधूनच उघडेल अशी जोडणी आधीच करून ठेवा, म्हणजे शिक्षकाला सवयीचा कळफलक वापरता येईल. फाइलीचा पडताळणी-अंक छापून द्या, कारण ही प्रत हातोहात फिरणार आहे आणि दहाव्या हातात पोहोचलेली प्रत शाबूत आहे की नाही हे कळायला दुसरा मार्ग नाही.

आत एक नमुना अभ्यासक्रमही असू द्या, आणि तो मराठीत असू द्या. सोबत येणारे नमुने इंग्रजी असतात आणि त्यांत ‘ऱ्य’चा प्रश्न येतच नाही. नमुन्यात लेखी उत्तराचे प्रश्न हवेत, पर्यायी उत्तरे कशी जोडायची ते हवे, देवनागरी अंकांचे गणित हवे, एक छोटी चित्रफीत आणि तिची मराठी उपशीर्षके हवीत. आल्याच्या लागवडीचे आमचे साहित्य त्यासाठी खुल्या परवान्याखाली द्यायला मॅडम तयार आहेत.

कार्यशाळा घेणाऱ्यांना सांगणे असे, की एक दिवस कमी ठेवला तरी चालेल, पण महिनाभराने अर्ध्या दिवसासाठी पुन्हा या. पहिल्या भेटीत सगळे चालते. घरी गेल्यावर तिसऱ्या दिवशी काहीतरी अडते आणि तेव्हा विचारायला कोणी नसते. माझ्या पाहण्यात शिक्षकांनी सोडून दिले ते या मधल्या दिवसांत. पुन्हा येणे शक्य नसेल, तर मराठीत प्रश्न विचारता येईल असा एक फोन नंबर ठराविक वेळी चालू ठेवा. ‘व्हीटी-एक्स बंद आहे’ हे इंग्रजीत नीट लिहिता न येणारा शिक्षक मराठीत ते अचूक सांगू शकतो.

निधी देणाऱ्यांनो, उपस्थितांची संख्या मोजू नका. सहा महिन्यांनी किती शिक्षकांकडे स्वतः बनवलेल्या अभ्यासक्रमाची निर्यात केलेली फाइल आहे, ते मोजा. मूडल असा संपूर्ण अभ्यासक्रम एका फाइलीत बांधून देते, ओपन एडएक्सही देते. ती फाइल पाहिली, की काम झाले की नाही ते कळते. आणि जिथे रॅम कमी आहे तिथे नवे संगणक देण्याआधी रॅमच्या पट्ट्या द्या. डेस्कटॉपच्या एका पट्टीच्या खर्चात जुने यंत्र या कामासाठी उभे राहते.

विद्यापीठांनाही एक मागणे आहे. शिक्षकाने स्वतःच्या यंत्रावर तयार केलेली अशी फाइल विद्यापीठाच्या सर्व्हरवर तपासून घेण्याची आणि चढवण्याची ठरलेली रीत असू द्या. आज ती फाइल घेऊन कुठे जायचे, कोणाला भेटायचे, ती कोण पाहील, हे कळत नाही. अभ्यासक्रम पेनड्राइव्हवरच राहतो. आशयाची तपासणी कडक करा, ती हवीच, पण दार कुठे आहे ते सांगा.

आमच्याच प्राचार्यांना आणि संस्थाचालकांना तीन गोष्टी सांगतो, कारण सगळे बाहेरून मागणे बरोबर नाही. पुढची यंत्रे घेताना बायोसचा पासवर्ड पुरवठादाराकडून लेखी घ्या. लॅब असिस्टंटला वर्षातून एकदा तरी या कामाच्या शिक्षणासाठी पाठवा, कारण शिक्षक बदलून जातात आणि लॅब सांभाळणारी व्यक्ती राहते. आणि अभ्यासक्रम बनवणाऱ्या शिक्षकाच्या तासिका एका सत्रापुरत्या थोड्या कमी करा. चार श्रेयांकांचा अभ्यासक्रम रात्री जागून होत नाही. झाला, तर तो चांगला होत नाही.

आमच्याकडून काय मिळेल, तेही लिहून देतो. आमच्या लॅबमध्ये जुनी, कमी रॅमची, वेगवेगळ्या विंडोजची यंत्रे आहेत. तुमची तयार प्रत प्रसिद्ध होण्याआधी आमच्याकडे पाठवा. आम्ही ती इंटरनेट काढून, लाईट घालवून, चार प्रकारच्या मोबाइलवरून उत्तरे टाइप करून तपासू आणि काय अडले ते क्रमवार, मराठीत, चित्रांसह कळवू. विद्यार्थ्यांना यातून शिकायलाच मिळेल, म्हणून त्याचे काही मानधन नको. मार्गदर्शिकेचा मराठी मसुदाही आम्ही करून देऊ, फक्त आवृत्ती बदलली की आधी आम्हांला कळवा.

उन्हाळ्याच्या सुट्टीत लॅब रिकामी असते आणि आल्याची लागवडही त्याच सुमारास सुरू होते. एप्रिलअखेरपर्यंत प्रत हाती आली, तर लागवडीच्या चित्रफिती काढून त्या सरळ आपल्या यंत्रावर मांडता येतील आणि जूनमध्ये महाविद्यालय उघडताना पहिला धडा विद्यार्थ्यांसमोर ठेवता येईल.

आपला नम्र,
संगणकशास्त्राचा एक शिक्षक
फुलंब्री, जि. छत्रपती संभाजीनगर